मशीन बोंबलते, ऐकतो कोण?

खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळली की बोनेटवर क्षारांचे पांढरे गोल डाग उठतात. चार दिवस तसेच राहिले तर फडक्याने निघत नाहीत. अकोला, बाळापूर, अकोट या भागातल्या गाडीमालकांना हे दुखणे चांगले ठाऊक आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारा पट्टा पातूरच्या उत्तरेला पसरला आहे. पातूर मात्र डोंगराच्या पायथ्याशी. अकोल्याहून वाशीम-नांदेडकडे जाणारा महामार्ग गावाला लागून जातो, पुढे घाट चढून मालेगावकडे गेले की समृद्धी महामार्ग गाठता येतो. रस्ते रुंद झाले, गाडीचे कर्ज सोपे झाले, आणि अशा रस्त्याकडेच्या गावांत वॉशिंग सेंटरला लागूनच रबिंग-पॉलिशिंगचा धंदा उभा राहिला. काळ्या मातीची धूळ, कापसाच्या हंगामातली तूस आणि खारे पाणी, या तिघांनी त्याला गिऱ्हाईक पुरवले.

या धंद्याचे मुख्य हत्यार म्हणजे हातात धरून चालवायची पॉलिशिंग मशीन. ती आवाज करतेच. पण एक दिवस तो आवाज बदलतो. काम करणारा पोरगा म्हणतो, ‘‘भाऊ, मशीन लय बोंबलून रायली.’’ भाऊ म्हणतो, ‘‘चालू दे ना बाप्पा, गाडीवाला उभा हाय.’’

मशीन चालू राहते. काही आठवड्यांनी तिच्यातून जळका वास येतो, ती वायंडिंगवाल्याकडे जाते, तिथे दुरुस्तीचा आकडा ऐकून मालक मान हलवतो आणि मशीन भंगारात पडते. ‘कंपनीच डुप्लिकेट निंगाली’ असा शेरा मारून नवी आणली जाते. कंपनी कधीकधी खरोखर डुप्लिकेट असते, यात वाद नाही. पण बहुतेक मशिनी मरण्याच्या कितीतरी आधीपासून आपले दुखणे मोठ्याने सांगत असतात. ते ऐकले जात नाही, कारण तालुक्याच्या गावांत देखभालीला काम म्हणून किंमत नाही. तिच्यासाठी वेळ राखलेला नसतो, पैसे बाजूला काढलेले नसतात, ती कोणी शिकवत नाही आणि कायदाही तिच्याकडे पाहत नाही. भंगारात जाणाऱ्या मशिनींचे खरे कारण हे आहे.

आधी मशीनच्या पोटात काय चालते ते पाहायला हवे. साध्या रोटरी पॉलिशरमध्ये मिक्सर आणि ड्रिल मशीनमध्ये असते त्याच जातीची मोटर असते. मध्ये आर्मेचर, भोवती फील्ड कॉइल, मागच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर आणि त्यावर घासत राहणारे दोन कार्बन ब्रश. आर्मेचर दोन बेअरिंगांवर तोललेले असते आणि मिनिटाला कित्येक हजार फेरे घेते. पुढच्या डोक्यात तिरक्या दातांचे दोन गिअर ही गती कमी करून काटकोनात वळवतात, म्हणून पॅडपर्यंत ती साधारण ६०० ते ३००० फेऱ्यांवर येते. इतक्या वेगाने फिरणाऱ्या इतक्या वस्तू एका मुठीत मावतात. त्यातली एक जरी सैल झाली, कोरडी पडली किंवा एका बाजूला जड झाली तरी आवाज बदलणारच.

चांगला मेकॅनिक हा बदल ओळखायला यंत्र उघडत नाही. तो आधी पॅड आणि बॅकिंग प्लेट काढून मशीन रिकामी चालवतो. आवाज आणि थरथर थांबली, तर मशीन निरोगी आहे, दोष पॅडचा किंवा प्लेटचा. आवाज तसाच राहिला तर दुसरी परीक्षा. पूर्ण वेगात असताना स्विच सोडायचा आणि कान देऊन ऐकायचे. वीज तुटल्यावरही मशीन काही क्षण आपल्या जोरावर फिरत राहते. त्या क्षणांत घरघर सुरूच राहिली तर दुखणे बेअरिंगचे किंवा गिअरचे; वीज तुटताच चरचर बंद झाली तर संशय कार्बन, कम्युटेटर किंवा वायंडिंगवर. तिसरी परीक्षा प्लग काढून. स्पिंडल हाताने सावकाश फिरवायचा. बोटांना कुठे खडबड लागते का, स्पिंडल वर-खाली किंवा आजूबाजूला हलतो का, हे तपासायचे. या तीन परीक्षांना पाच मिनिटेही लागत नाहीत आणि एक रुपयाही खर्च होत नाही.

पॅडचा दोष सर्वांत जास्त वेळा निघतो आणि सर्वांत कमी वेळा तपासला जातो. वेल्क्रोवर पॅड बोटभर सरकून बसला, फोम एका बाजूने फाटला, लोकरीच्या पॅडमध्ये कंपाउंड एका बाजूला वाळून दगड झाले, की वजन मध्यावरून हलते. अशा असमतोलाचा हिसका वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला तर हिसका चौपट. म्हणून १००० फेऱ्यांवर न जाणवलेली थरथर २००० वर मनगटाला झिणझिण्या आणते. पॅड प्रत्येक गाडीनंतर ब्रशने झाडला, दिवसअखेर धुऊन सावलीत वाळवला आणि लावताना मध्यभागी नीट बसवला तर निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. उन्हात तापलेल्या बोनेटवर जोर देऊन मशीन चालवली की प्लेटवरचे वेल्क्रोचे आकडे वितळतात, मग कितीही चांगला पॅड नीट बसत नाही. अशी प्लेट बदलण्याला पर्याय नाही.

गोल फिरता फिरता डोलणाऱ्या, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन मशिनीही आता छोट्या गावांत दिसू लागल्या आहेत. इटलीच्या रुपेस कंपनीच्या १५ आणि २१ मिलिमीटर डोलणाऱ्या मशिनींनी हा प्रकार जगभर रूढ केला. आता त्यांच्या स्वस्त नकला कुठेही मिळतात. डोलण्याचा हिसका मारण्यासाठी या मशीनच्या आत एक प्रतिवजन बसवलेले असते आणि ते ठरावीक मापाच्या प्लेटसाठीच तोललेले असते. पाच इंची प्लेट काढून सहा इंची लावली की तोल गेला, आणि मशीन थरथरते म्हणून शिव्या मात्र कंपनीला. अनेक मशिनींत प्लेटच्या कडेला टेकणारी रबराची कडी असते. ती कोरडी पडली की किंचाळते. कंपनीने सांगितलेले वंगण तिथे किंचित लावले की किंचाळी थांबते. एवढ्यासाठी मशीन उघडून ठेवणारे बहाद्दरही कमी नाहीत.

बेअरिंगचा आवाज वेगळा. सुरुवातीला बारीक शिटी, मग शिटीची घरघर, आणि शेवटी आर्मेचर फील्डला घासून कायमचे जळते. बेअरिंगवर कोरलेला आकडा हा त्याचा पत्ता असतो. ६०८ म्हणजे आतले भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२ आणि जाडी ७. ६२०१ म्हणजे १२, ३२ आणि १०. आकड्यामागे ‘झेडझेड’ असेल तर दोन्ही बाजूंनी पत्र्याचे झाकण, ‘टूआरएस’ असेल तर रबराचे. कंपाउंडच्या पिठात आणि काळ्या धुळीत काम करायचे तर रबरी झाकण धूळ जास्त अडवते. पण वेग फार जास्त असलेल्या जागी कंपनीने पत्र्याचे दिले असेल तर पत्र्याचेच लावावे. चिंचवडला एसकेएफचा कारखाना आहे, जयपूरला एनबीसीचा. चांगले बेअरिंग मिळत नाही म्हणण्याचे दिवस गेले. मिळते ते बसवताना मात्र घात होतो. हातोडीने बाहेरच्या कड्यावर ठोकून बेअरिंग शाफ्टवर चढवले की तो मार गोळ्यांमधून जातो आणि आतल्या वाटेवर बारीक खळगे पडतात. नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी आवाज करते आणि दुकानदाराशी भांडण होते. शाफ्टवर चढवताना जोर आतल्या कड्यावर, घरात बसवताना बाहेरच्या कड्यावर, आणि जुने काढायला पुलर, एवढा नियम पाळला तर हे भांडण टळते.

गिअरच्या डोक्यातून जात्यात खडा आल्यासारखी घरघर येत असेल तर ग्रीस संपले आहे किंवा त्यात धूळ मिसळून त्याचे उटणे झाले आहे. इथे वऱ्हाडी सढळपणा नडतो. ट्रॅक्टरच्या ग्रीसगनने डोके तुडुंब भरले की ग्रीस घुसळून तापते, सील ओलांडते आणि थेट मोटरमध्ये शिरते. जुने ग्रीस पुसून काढावे, दात तपासावेत, आणि पोकळीचा तिसरा हिस्सा ते फार तर निम्मा भरेल इतकेच नवे ग्रीस घालावे. तेही कंपनीने सांगितलेल्या प्रकारचे. दात तुटले असतील तर दोन्ही गिअर जोडीने बदलावे लागतात. एक नवा आणि एक झिजलेला, अशी जोडी आयुष्यभर ओरडते.

कार्बन ब्रश झिजण्यासाठीच बनवलेले असतात. मागच्या खिडकीतून निळसर बारीक ठिणग्या दिसणे नेहमीचेच. ठिणग्या पिवळ्या होऊन कम्युटेटरभोवती कडे करू लागल्या, मशीन अडखळू लागली, तर कार्बन पाहावेत. पाच-सहा मिलिमीटर उरले की किंवा त्यावरची खूण गाठली गेली की जोडीने बदलावेत. दुसऱ्या मशीनचा कार्बन कानशीने घासून बसवण्याची कला आपल्याकडे घरोघर आहे. तिच्यामुळे दहा-वीस रुपये वाचतात आणि कठीण जातीचा कार्बन कम्युटेटर खाऊन टाकतो. मग आर्मेचरचा खर्च येतो, जो कार्बनच्या कितीतरी पट असतो.

विजेचाही यात हात आहे. पत्र्याच्या शेडमध्ये लांबवर असलेल्या बोर्डातून बारीक वायरचे एक्स्टेंशन ओढले जाते, त्याच वायरवर कॉम्प्रेसर आणि पाण्याचा पंपही चालतो. मशीनपर्यंत पोचताना विजेचा दाब घसरतो. मशीन मंदावते, पोरगा जोर देतो, मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. त्यात इथला उन्हाळा. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या वर गेल्यावर अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लागू केले होते, ते याच उन्हापायी. विजेच्या मोटरी साधारणपणे भोवतालचे तापमान ४० अंशांपर्यंत असेल असे गृहीत धरून बनवतात. पत्र्याखाली दुपारी दोन वाजता त्या हिशेबाला काही अर्थ उरत नाही. अशा वेळी हवेच्या खिडक्या तूस आणि कंपाउंडने बुजलेल्या असतील तर मोटर आतल्या आत भाजते. जाड आणि आखूड वायर, सकाळ-संध्याकाळचे काम, मधूनमधून विसावा, आणि रोज रात्री प्लग काढून, चष्मा लावून, लांबून व कमी दाबाने मारलेली कोरडी हवा, एवढ्याने मशीनचे आयुष्य वाढते. वॉशिंगच्या फवाऱ्यापासून मशीन दूर हवी, हे तर सांगायलाही नको. ओल्या फरशीवर गळती पकडणारा ईएलसीबी नसेल तर मशीनआधी माणूस जाईल.

एक खोड मात्र देखभालीने सुटत नाही. पॉलिशर महाग म्हणून चार इंची ग्राइंडरलाच पॅड लावून गाड्या घासल्या जातात. हा ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. पॉलिशचे पॅड त्याच्या चौथाई वेगासाठी बनवलेले असतात. आवाज कानठळ्या बसवणारा, पॅड कधी उडेल याचा नेम नाही, आणि गाडीचा रंग तर त्याहून वेगाने उडतो. आधुनिक गाडीवर प्रायमरपासून वरच्या पारदर्शक थरापर्यंत मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते, त्यात पारदर्शक थर ३५ ते ५० मायक्रॉनचा. पॉलिश या थरातूनच थोडे थोडे खरवडते. वेग हाताबाहेर गेला की दाराच्या कडेवर, बोनेटच्या घडीवर तो थर एका झटक्यात संपतो. थरथरणाऱ्या मशीननेही हेच होते, जरा सावकाश. उन्हात गाडी पाहिली की गोल गोल वळसे दिसतात, ज्यांना धंद्यातली माणसे होलोग्राम म्हणतात. गाडीवाल्याला वाटते पॉलिश कमी पडले, म्हणून तो पुन्हा घासायला सांगतो, आणि उरलेला थरही जातो.

म्हणजे ओरडणाऱ्या मशीनचे बिल गिऱ्हाईकही भरते. पण सर्वांत मोठे बिल भरतो तो मशीन धरणारा पोरगा.

पॉलिशिंग मशीनचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी साधारण ८० ते ९० डेसिबलच्या घरात असतो. झिजलेली बेअरिंग आणि कोरडे गिअर तो आणखी चढवतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तासांसाठी ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा मानते. अमेरिकेतल्या निओश या संस्थेचा हिशेब असा की ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबल चालतात. पण तीन-चार पोरांच्या वॉशिंग सेंटरला हे नियम लागूच होत नाहीत. तिथे मोजणारा कोणी नाही आणि कान तपासणाराही नाही. गेलेला कान परत येत नाही. वीस-बावीसच्या वयात सुरू झालेली कानातली शीळ पन्नाशीत बहिरेपण होऊन बसते. थरथरीचेही तसेच. युरोपात हाताला बसणाऱ्या थरथरीसाठी २००२ पासून मर्यादा ठरलेली आहे, कारण वर्षानुवर्षांच्या थरथरीने बोटांतला रक्तप्रवाह बिघडतो आणि बोटे पांढरी, बधिर पडतात. आपल्याकडे ‘हात सुन्न पडले’ म्हणून पोरगा हात झटकतो आणि पुढची गाडी घेतो.

मालकाची बाजूही ऐकायला हवी. तो म्हणतो, लोकल मशीन दोन-तीन हजारांत येते. अकोल्याला जाऊन पार्ट शोधायचा म्हणजे दिवस मोडतो, पेट्रोल जळते, आणि पार्ट मिळाला तरी बसवणारा मिळेल याची खात्री नाही. त्यापेक्षा मरेपर्यंत वापरा आणि नवी घ्या. हा हिशेब मूर्खपणाचा नाही. पण तो अर्धा आहे. मशीन मरते ती नेमकी गर्दीच्या दिवशी, कारण त्याच दिवशी ती सर्वांत जास्त तापते. त्या दिवशी परत गेलेली गिऱ्हाइके, होलोग्राम पडलेल्या गाडीचे फुकट करून दिलेले काम, जळलेल्या आर्मेचरचा खर्च, हे सगळे त्या हिशेबात कुठेच लिहिलेले नसते. कार्बनची एक जोडी आणि एक-दोन बेअरिंग आधीच आणून फळीवर ठेवली तर खर्च काही शेकड्यांत भागतो. अकोल्याला तर मालक महिन्यातून दोनदा कापडासाठी, दवाखान्यासाठी जातच असतो.

देखभालीने यंत्र किती जगते याचा पुरावा अकोला जिल्ह्यातच आहे. मूर्तिजापूरहून यवतमाळकडे एकेकाळी धावणाऱ्या शकुंतला रेल्वेचे वाफेचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनले, १९२३ पासून रुळावर आले आणि १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झाले. सत्तर वर्षांहून जास्त. त्या इंजिनाचे सुटे भाग कोणत्या दुकानात मिळत असतील? फिटर, तेलवाले आणि ठरलेल्या वेळी होणारी तपासणी यांच्या जोरावर ते चालले. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांतही हीच शिस्त होती. गिरणीचा आवाज बदलला की फिटर आधी धावायचा आणि विचारणा नंतर व्हायची. तेव्हा यंत्र थांबवणे हा फिटरचा अधिकार होता. आज पॉलिशिंग मशीन धरणाऱ्या पोराला तो नाही. मशीन थांबवली तर त्याची हजेरी कापली जाते.

धोरणकर्त्यांचेही आजच्या फिटरांकडे लक्ष नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात सुतार, लोहार, कुलूप दुरुस्त करणारे, हातोडी-हत्यारे बनवणारे आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण विजेवर चालणारी हत्यारे दुरुस्त करणारा, मोटर वायंडिंग करणारा त्या यादीत नाही. पंधरा हजारांच्या टूलकिटमध्ये पुलर, मल्टिमीटर आणि सर्क्लिप काढायची पक्कड आली असती तर तालुक्या-तालुक्यात शेकडो मशिनी भंगारापासून वाचल्या असत्या. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन, वायरमन आहेत, गाडीच्या रंगकामाचा ट्रेडही आहे. या पोरांना हातातल्या हत्यारांची देखभाल हा विषय म्हणून, महिनाभर का होईना, स्वतंत्र शिकवायला काय हरकत आहे?

कायद्याचे गाडे जगात पुढे सरकले आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि विजेवर चालणारी गवत कापायची मशीन यांच्यावर दुरुस्तीची सोय किती याचे दहापैकी गुण छापायला लावले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश मंजूर केला. त्याच्या यादीत घरगुती उपकरणांसोबत वेल्डिंगची यंत्रेही आहेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात घेतली. वाहन घेतले, पण वाहन चकचकीत करणारे हत्यार मात्र बाहेर राहिले. ड्रिल, पॉलिशर, ग्राइंडर यांच्यावर या देशात लाखो माणसांचे पोट आहे. मोबाइल बिघडला तर फोन बंद पडतो, पॉलिशर बिघडला तर चूल बंद पडते. मग कोणाचा नंबर आधी लागायला हवा?

दुसरा कायदा आधीच हातात आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत विजेवर चालणारी हत्यारे, त्यात घासणारी आणि ग्राइंडिंगची यंत्रे, स्पष्टपणे नमूद आहेत. बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीवर त्यांच्या कचऱ्याची जबाबदारी आहे. वापर संपल्यावरची जबाबदारी जर कंपनीची, तर वापर लांबवण्याची सोयही तिनेच द्यायला हवी. मागणी फार मोठी नाही. मशीनच्या खोक्यात सुट्या भागांच्या उघड्या आकृतीचा एक कागद, त्यावर प्रत्येक बेअरिंगचा आणि कार्बनचा नंबर, सोबत वंगणाचा प्रकार आणि देखभालीचे वेळापत्रक मराठीत. विकणे बंद झाल्यावरही काही वर्षे भाग मिळतील याची लेखी हमी. जी कंपनी भारतात मशीन विकते तिला एवढा कागद छापणे जड जाऊ नये.

सरकार आणि कंपन्या ऐकेपर्यंत दुकानात करण्यासारखे पुष्कळ आहे. भिंतीवर एक वही टांगावी. मशीन किती तास चालली, कार्बन कधी बदलले, ग्रीस कधी भरले, एवढीच नोंद ठेवावी. एकाच गावातल्या चार-पाच दुकानांनी मिळून एक पुलर आणि एक मल्टिमीटर घ्यावा. आठवड्यातला अर्धा तास पगारी देखभालीचा ठरवावा, आणि मशीन चालवणाऱ्या पोराला आवाज बदलल्याबरोबर ती थांबवण्याची मोकळीक द्यावी; त्याची हजेरी त्यासाठी कापू नये. येत्या खंडेनवमीला मशीनवर हळद-कुंकू वाहण्याआधी तिचे कार्बन काढून पाहावेत, आणि पूजा झाल्यावर ती धरणाऱ्याच्या हातात वीस-तीस रुपयांची कानात घालायची बोंडे ठेवावीत.